घर विकायला काढण्याआधी

"मरहूमांना मुली किती?"

खरेदीदाराच्या वकीलसाहेबांनी समोरच्या कागदांवरची नजर न काढता हा प्रश्न विचारला आणि आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागलो. कोंढव्यातला अब्बांचा फ्लॅट आम्ही विकायला काढला होता. ६४ लाखांवर सौदा ठरला होता आणि विसार म्हणून एक लाखाचा चेकही घेतला होता. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट भाईजानच्या नावावर होते. चेअरमनसाहेब म्हणाले होते, "नाव तुमचं आहे, तुमची एक सही झाली की काम झालं." आम्हालाही तसेच वाटत होते. घराच्या फाईलमध्ये बहिणींची नावे कुठेच नव्हती, त्यामुळे त्यांची आठवण फाईल उघडताना झाली नाही, हे कबूल करायला हवे.

या सदरात आम्ही शक्यतो घरचे सांगत नाही. या वेळी सांगतो, कारण घर विकताना विकणाऱ्याने कोणते कागद द्यायचे, हे आम्हाला आमच्याच चुकांतून शिकायला मिळाले. बाजारात सगळा सल्ला खरेदीदारासाठी असतो. अमुक तपासा, तमुक बघून घ्या. विकणाऱ्याला मात्र वाटते की आपण फक्त चावी द्यायची. कायदा तसे म्हणत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराने मागितल्यास मालकीचे सगळे कागद तपासायला देणे, त्याच्या प्रश्नांना माहितीप्रमाणे उत्तर देणे, विक्रीच्या तारखेपर्यंतचे कर भरणे आणि त्याच्या सहज लक्षात न येणारा घरातला किंवा मालकीतला दोष स्वतःहून सांगणे, ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते, आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही म्हणून व्यापाऱ्याला विचारतात, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. घराच्या व्यवहारात ओल फक्त बाथरूमच्या भिंतीत नसते, कागदातही असते. आमच्या कागदातली ओल तीन बहिणींची होती.

शेअर सर्टिफिकेट भाईजानच्या नावावर आले कसे? अब्बांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे नाव दिले होते. २०११ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि पुढच्या वर्षी सोसायटीने सर्टिफिकेटच्या मागे भाईजानचे नाव चढवले. घराघरांत असेच होते आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. नॉमिनी हा मालक नसतो. सोसायटीने पत्रव्यवहार कुणाशी करायचा, देखभालीचे बिल कुणाला पाठवायचे, यासाठी दिलेले ते नाव. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली जी सुधारणा झाली, तिच्यात तर स्पष्टच आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. मालकी वारसांची, आणि वारस कोण हे आपल्याकडे शरीअतप्रमाणे ठरते.

हिंदू कुटुंबांसारखा जन्माने मिळणारा वडिलोपार्जित हक्क आपल्या कायद्यात नाही. बाप जिवंत असेपर्यंत घर त्याचे. त्याने डोळे मिटले की त्याच क्षणी ते वारसांचे होते, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या वाट्याने. त्यासाठी कुणाच्या सहीची किंवा नोंदीची वाट पाहिली जात नाही. आमच्या दादा-दादी आणि नाना-नानींचा इंतकाल आधीच झालेला होता. अब्बांच्या मागे अम्मी, आम्ही दोन भाऊ आणि तीन बहिणी. सूरह निसामध्ये सांगितल्याप्रमाणे अम्मींचा आठवा हिस्सा. उरलेले सात अष्टमांश मुलांमध्ये, मुलाला दोन मुलींइतके. म्हणजे आम्हा भावांना दोन-दोन अष्टमांश आणि प्रत्येक बहिणीला एक अष्टमांश. एवढा सोपा हिशेब, पण २०११ पासून आमच्यापैकी कुणी तो कागदावर मांडला नव्हता.

वकीलसाहेबांकडून परतल्यावर सोलापूरला आपांना फोन लावला. "आपा, एक सही लागणार आहे."

"सही देते रे. पण कसली, ते तरी सांगशील?"

आम्ही हक्कसोडपत्र म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आपा म्हणाल्या, "सोडायचा असेल तर सोडीन. पण माझा हक किती आहे, ते आधी मला कळू दे. आजवर कुणी सांगितलं नाही."

या एका वाक्यानंतर आम्ही हक्कसोडपत्राचा विषय बंद केला. बहीण राजीखुशीने आपला वाटा सोडू शकते, त्यात गैर काही नाही. पण वाटा किती, त्याची आजची किंमत किती, हे सांगून, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक ठेवून. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही कायद्याच्या कागदावर रजामंदी दिसते, अल्लाहच्या दरबारात ती काय दिसेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. जिथे खरोखर हक्क सोडायचा आहे तिथे हेही लक्षात ठेवावे की साध्या स्टॅम्प पेपरवरचे नोटरी केलेले संमतीपत्र पुरत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे लागते. नोटरीच्या कागदावर विसंबून घर विकलेल्यांना वीस वर्षांनी भाच्यांनी कोर्टात ओढल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आमच्याकडे आणखी एक गाठ होती. अम्मींचा इंतकाल २०२१ मध्ये झाला. शेवटची चार वर्षे त्या धाकटीकडे होत्या, आणि जाण्यापूर्वी खाला आणि दोन्ही मोठ्या बहिणींसमोर त्या म्हणाल्या होत्या की माझा जो काही हिस्सा असेल तो धाकटीला द्या. याला काय म्हणायचे? हिबा म्हणावा तर हिबाला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने दिल्याचे जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा प्रत्यक्ष देणे. या तिन्ही असल्या तर मुस्लिम कायद्याप्रमाणे तोंडी हिबाही चालतो, नोंदणीची सक्ती नाही. पण 'माझ्यानंतर' असे म्हटले की तो हिबा राहत नाही, ती वसीयत होते. आणि वारसालाच केलेली वसीयत, सुन्नी फिक्हप्रमाणे, बाकीच्या वारसांनी संमती दिली तरच लागू होते. म्हणजे धाकटीच्या पदरात काही पडायचे ते आमच्या चौघांच्या 'हो'वर होते. कायद्याने आम्ही 'नाही' म्हणू शकत होतो. तसे म्हटले असते तर अम्मींचा आठवा हिस्सा पुन्हा आम्हा पाचांत वाटला गेला असता आणि आम्हा भावांना प्रत्येकी सव्वादोन लाखांहून थोडे जास्त मिळाले असते. खोटे कशाला लिहावे, तो आकडा आम्ही काढून पाहिला होता.

अम्मींचे बोलणे सगळ्यांनी मान्य केले. दोहाहून बाजींनी फोनवर संमती दिली. पण घर विकताना फोनवरची संमती कामाची नाही. आम्ही सगळ्या वारसांचे कौटुंबिक व्यवस्थापत्र करून नोंदवले. अब्बा आणि अम्मी दोघांचे मृत्यू दाखले, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचा वाटा, अम्मींची वसीयत आणि तिला बाकीच्यांची संमती, सगळे त्यात आले. सहकार कायद्याच्या त्या सुधारणेत वारस म्हणून नोंद करण्यासाठी मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कायदेशीर वारस प्रमाणपत्र यांच्या बरोबरीने असे कौटुंबिक व्यवस्थापत्रही चालते. कोर्टाकडून वारस प्रमाणपत्र घ्यायला काही महिने सहज जातात, म्हणून वारसांत वाद नसेल तर हा रस्ता बरा. मुद्रांक शुल्क मजकुरावर ठरते, ते वकिलाकडून आधी काढून घ्यावे.

दोहाच्या सहीची कथा वेगळी. आखातात कुणी नाही असे आपले घर आता विरळा, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. परदेशातल्या वारसाने इथल्या कुणाला विशेष कुलमुखत्यारपत्र द्यावे लागते. ते तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करून घ्यायचे. मूळ कागद भारतात पोहोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. त्यात फ्लॅटचा पूर्ण तपशील, करारावर सही करण्याचा आणि निबंधकासमोर दस्त नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. बाजींचे पहिले कुलमुखत्यारपत्र परत पाठवावे लागले, कारण त्यात 'नोंदणीसाठी हजर करणे' हे शब्दच नव्हते. पुन्हा वकिलातीची वेळ घ्या, पुन्हा नोकरीवर सुट्टी टाका. मसुदा इथल्या वकिलाकडून तपासून मगच पाठवावा.

वारसांचा प्रश्न सुटल्यावर बाकीचे कागद किरकोळ वाटतील असा आमचा समज होता. तोही चुकीचा निघाला. अब्बांनी १९९४ मध्ये बिल्डरशी केलेला मूळ नोंदणीकृत करारनामा सापडेना. अब्बांनी कर्ज काढले होते, ते २००६ मध्ये फिटले. बँक म्हणाली, कागद तेव्हाच दिले. आमच्या कपाटात नव्हते. मग कागद हरवल्याची पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक २, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात ते, आणि वर खरेदीदाराला हमीपत्र. यात सात आठवडे गेले. आता कर्ज फेडणाऱ्यांचे दिवस बरे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हातात घेतानाच बेबाकीचे पत्र घ्यावे आणि घरावरचा बोजा नोंदीतून काढला का, तेही विचारावे.

फ्लॅट दुसऱ्याकडून घेतलेला असेल तर बिल्डरपासून तुमच्यापर्यंतच्या प्रत्येक विक्रीचा नोंदणीकृत दस्त हवा. साखळीतली एक कडी नसली तरी खरेदीदाराची बँक कर्ज अडवते. मधली कडी नुसत्या कुलमुखत्यारपत्राची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे की तशा कागदाने मालकी जात नाही. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा बिल्डरने सोसायटीला दिलेला असतो, किंवा दिलेला नसतो. नसेल तर खरेदीदाराला पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे की नाही, तेही. आमच्या गॅलरीला काच लावून खोली केलेली आहे, नकाशात ती नाही, हे आम्ही सांगितले. खरेदीदाराने पन्नास हजार कमी करा म्हटले, वकीलसाहेब हसले, भाव तसाच राहिला.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावाच लागतो. ना-हरकत दाखल्याचे थोडे वेगळे आहे. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीची ना-हरकत सक्तीची नाही, पण खरेदीदाराची बँक ती मागते, आणि अर्ज केल्यावर समितीने महिनाभरात निर्णय द्यायचा असतो. हस्तांतरण शुल्क म्हणून सोसायटी जास्तीत जास्त २५,००० रुपये घेऊ शकते. 'इमारत निधीला देणगी' म्हणून वर काही मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावे, मागणी बहुधा तिथेच थांबते. महानगरपालिकेच्या मिळकतकराची आणि महावितरणची शेवटची भरलेली बिलेही जोडायची.

आता नावांचा घोळ. हे दुखणे आपल्या घरांत जास्त. आपांच्या आधारवर नावापुढे 'बी', पॅनवर 'बेगम', शाळेच्या दाखल्यावर दोन्ही नाही, आडनाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. निबंधकासमोर आधार आणि पॅन दोन्ही लागतात आणि नावे जुळली नाहीत तर काम थांबते. साधा फरक प्रतिज्ञापत्रावर निभावतो, मोठा असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागते. त्यातच आपांचे पॅन आधारशी जोडलेले नव्हते. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदार १ टक्का आयकर कापून भरतो. पॅन निष्क्रिय असले की हीच कपात २० टक्क्यांवर जाते. ज्या गृहिणीने आयुष्यात आयकराचे तोंड पाहिले नाही, तिच्या आठ लाखांतून १,६०,००० रुपये गेले असते. परदेशी राहणाऱ्या वारसाच्या वाट्यावर कपात वेगळ्या आणि चढ्या दराने होते. ती कमी करण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून विक्रीपूर्वीच मिळवावे लागते. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून काढून ठेवावी, नफ्याचा हिशेब करताना ती उपयोगी पडते. आणि एक गोष्ट, २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

आमच्याकडे सगळे वारस सज्ञान होते, ही अल्लाहची मेहेरबानी. मोहल्ल्यातल्या एका भगिनीचे तसे नव्हते. शोहर अचानक गेले, पदरी दोन लहान मुले, कर्ज डोक्यावर, म्हणून घर विकायचे ठरवले. तेव्हा कळले की मुस्लिम कायद्याप्रमाणे आई ही मुलांच्या मालमत्तेची आपोआप पालक होत नाही. १९१८ पासून न्यायालये हेच सांगत आली आहेत. तिचा स्वतःचा आठवा हिस्सा ती विकू शकते, मुलांचा नाही. त्यासाठी १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते. तशी परवानगी न घेता झालेली विक्री मुलांच्या वाट्यापुरती टिकत नाही, आणि कुठलाही शहाणा खरेदीदार असे घर घेत नाही. आईच मुलांना वाढवणार, आईच राबणार, आणि सहीचा अधिकार मात्र तिचा नाही, हे आम्हाला पटत नाही. पण आज नियम हा आहे, म्हणून बयाणा घेण्याआधी कोर्टात अर्ज करावा.

गावाकडचे घर असेल तर कागद बदलतात. शहरातल्या भूमापन हद्दीत मालमत्ता पत्रक, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८, बाहेर ७/१२ आणि त्यामागचे फेरफार. वारस नोंद करताना अर्जात फक्त मुलांची नावे देण्याची जुनी खोड आहे. फेरफार मंजूर झाला म्हणून मुलींचा हक्क जात नाही, फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नाही. मुंबईतली पागडीची खोली असेल तर तिथे विकायला मालकी नसतेच, भाडेकरूचा हक्क असतो आणि घरमालकाच्या संमतीशिवाय तो हलत नाही. आणि दर्गा-मशिदीलगतची घरे विकायला काढण्याआधी जमीन वक्फची तर नाही ना, हे पाहावे. वक्फची जमीन विकता येत नाही, मग तीन पिढ्या तिथे राहिलेल्या असोत.

आमच्या विसारपावतीत ४५ दिवसांची मुदत लिहिलेली होती. प्रत्यक्षात पाच महिने लागले. खरेदीदार भला माणूस निघाला, त्याने दोनदा मुदत वाढवून दिली. त्याने सौदा मोडला असता तर विसार परत करून वर नुकसानभरपाई देण्याची वेळ आमच्यावर आली असती, कारण पावतीवर 'विकणाऱ्याच्या कागदांत दोष निघाल्यास' असे कलम होते आणि आम्ही ते न वाचता सही केली होती.

खरेदीखतावर पाच विकणारे होते. प्रत्येकाचा वाटा आणि प्रत्येकाच्या खात्यात जाणारी रक्कम दस्तातच लिहिली. आम्हा दोघा भावांना सोळा-सोळा लाख, आपा आणि बाजींना आठ-आठ, धाकटीला तिचे आठ आणि अम्मींचे आठ. निबंधक कार्यालयात अंगठ्याचा ठसा देताना आपांनी कारकुनाला दोनदा विचारले की माझे नाव नीट वाचून दाखवा.

दस्त झाल्यावर मूळ करारनाम्याची प्रमाणित प्रत, व्यवस्थापत्र, शेअर सर्टिफिकेट, पावत्या, सगळी फाईल यादी करून खरेदीदाराच्या स्वाधीन केली आणि यादीवर त्याची सही घेतली. पूर्ण रक्कम मिळाल्यावर मालकीचे कागद त्याचेच. आपल्याकडे झेरॉक्स ठेवाव्यात. वीजमीटर अजून अब्बांच्या नावावर होता. नाव बदलण्यासाठी नव्या मालकाचा पंधरा दिवसांनी फोन आला, अब्बांचा मृत्यू दाखला पुन्हा हवा होता. महापालिकेकडून त्याच्या प्रती दहा तरी काढून ठेवा. आमच्याकडे तोवर एकही उरली नव्हती.